आधी जागा, मग नाव

या पुस्तकात बुरशी कुळवार लावलेल्या नाहीत. छत्र्या एका प्रकरणात, पेले दुसऱ्यात, खोडाला चिकटलेल्या चिवट अळंब्या तिसऱ्यात अशी मांडणी सोयीची झाली असती आणि परीक्षेला बसणाऱ्यांना आवडलीही असती. इथली प्रकरणं मात्र जागांची आहेत. सदाहरित रानातलं पडलेलं खोड, सागाच्या पानांचा थर, वारूळ, गव्याचं शेण, ओढ्यातला फेस, खाडीकाठचं कांदळवन, देवराई. त्यामुळे एकाच वंशाच्या दोन जाती कधी कधी शंभर पानांच्या अंतरावर पडल्या आहेत, आणि वाचकाला मागे-पुढे उलटापालट करावी लागणार आहे. हा त्रास मुद्दाम का दिला, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना. ती थोडी लांबेल.

आपल्याला पावसाळ्यात दिसते ती अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. ते चार दिवस टिकतं, काहींचं तर सकाळी उगवून दुपारपर्यंत काळं पाणी होऊन जातं. खरी बुरशी त्याच्या आधी आणि नंतर, लाकडात, मातीत, पानात किंवा मुळात, बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात पसरलेली असते. तिला तोंड नाही, पोट नाही. ती अन्नावर पाचकरस सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते, म्हणजे जे खायचं त्याच्यातच तिला राहावं लागतं. वाघाचं रान वेगळं आणि वाघाची शिकार वेगळी, बुरशीचं मात्र घर आणि ताट एकच. म्हणून ‘ही कोण?’ या प्रश्नाआधी ‘ही कशावर बसली आहे?’ हे विचारलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

जंगल समृद्ध असेल तर बुरशीही समृद्ध असणार, हे गृहीतक आपल्या मनात इतकं पक्कं असतं की ते तपासावंसं वाटत नाही. शास्त्रज्ञांनाही बराच काळ वाटलं नाही. १९९१ साली डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी प्रामुख्याने ब्रिटनमधल्या नोंदींवरून हिशेब मांडला की एका वनस्पतीजातीमागे साधारण सहा जातींच्या बुरशी सापडतात. तोच भाव जगभरच्या वनस्पतींना लावून पंधरा लाखांचा आकडा आला आणि पुढची पंचवीस वर्षं तो पाठ्यपुस्तकांत घर करून राहिला. २०१७ मध्ये त्यांनीच रॉबर्ट ल्यूकिंग यांच्यासोबत तो वाढवून बावीस ते अडतीस लाखांवर नेला. नाव मिळालेल्या जाती आहेत सुमारे दीड लाख.

दरम्यान २०१४ मध्ये एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठातले लेहो टेडरसू आणि त्यांचे जगभरचे सहकारी यांनी ३६५ ठिकाणची माती गोळा करून तिच्यातल्या बुरशींचा डीएनए वाचला. त्यांना दिसलं ते असं, की वनस्पतींची विविधता आणि मातीतल्या बुरशींची विविधता हातात हात घालून चालत नाहीत. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना झाडांच्या जाती झपाट्याने घटतात, बुरशींच्या तितक्या घटत नाहीत. काही गट तर उलटे, थंड प्रदेशातल्या जंगलांतच जास्त विविध. पाऊसपाणी, त्याखालोखाल मातीचा गुण, या गोष्टी झाडांच्या नुसत्या संख्येपेक्षा जास्त बोलक्या ठरल्या. एका देशात काढलेलं गुणोत्तर दुसऱ्या देशातल्या रानाला लावता येत नाही, हे त्यातून उघड झालं.

झाडांची संख्या फारसं सांगत नाही, पण झाडं कोणती आहेत ते फार सांगतं. यासाठी मला साग आणि साल यांच्याइतकं चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

जवळपास प्रत्येक झाड मुळांपाशी बुरशीशी व्यवहार करतं. झाड साखर देतं, बुरशी मातीतून फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी ओढून आणते. या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते. जगातल्या बहुसंख्य वनस्पतींची जोडी या प्रकारची, आणि या बुरशी जमिनीवर छत्री म्हणून काही काढत नाहीत. दुसऱ्या प्रकारात बुरशी मुळाच्या टोकावर म्यान चढवते, पेशीत शिरत नाही. ही जोडी थोड्याच वृक्षकुळांना जमते, पण रानातल्या ठसठशीत, रंगीत अळंब्यांपैकी कितीतरी याच गटातल्या असतात: रसुला, अमानिटा, स्पंजासारख्या तळाच्या बोलीट.

साग पहिल्या प्रकारचा, साल दुसऱ्या प्रकारचा. मेळघाट किंवा ताडोबाच्या सागवनात पावसाळ्यात जमीन बघत हिंडा. अळंब्या मिळतात, पण त्या पालापाचोळ्यावर, लाकडावर, वारुळावर जगणाऱ्या. मुळांची भागीदारी तिथेही जोरात चालू असते, ती वर दिसत नाही इतकंच. महाराष्ट्रात साल जवळजवळ नाहीच. पूर्वेची हद्द ओलांडून बस्तरच्या सालवनात गेलं की चित्र बदलतं. पहिल्या पावसानंतर तिथल्या बायका-मुली सालाच्या बुंध्याभोवतीची माती काठीने उकरून गोट्यांएवढे गोळे काढतात. हा बोडा. झारखंडमध्ये त्याला रुगडा म्हणतात. शास्त्रीय वंश ॲस्ट्रियस, सालाच्या मुळांशी बांधलेला. गोळा जून झाला की त्याची बाहेरची साल चांदणीसारखी उलगडते, मग तो खाण्याजोगा राहत नाही. जगदलपूरच्या बाजारात हंगामाच्या सुरुवातीला त्याचा भाव मटणाच्या वर जातो, आणि अजून कुणाला त्याची शेती करता आलेली नाही. येणार कशी? सालाचं रान असल्याशिवाय बोडा नाही. साल तोडून तिथे साग लावला तर नकाशावर जंगलाचा हिरवा रंग तसाच राहतो आणि बोडा जातो. वनीकरणाच्या हिशेबात ही तूट कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हाच नियम उलट्या बाजूनेही चालतो. ऑस्ट्रेलियातून निलगिरीचं झाड आलं, तशी त्याच्या मुळांची जोडीदार पिसोलिथसही आली. आज दक्षिण भारतातल्या निलगिरीच्या लागवडीत तिचे मातकट, फोडल्यावर पूड उधळणारे गोळे सर्रास दिसतात. आपल्या उत्तर सह्याद्रीतली अंजनी, जांभूळ, हिरडा ही मंडळी मुख्यतः आतल्या जोडीची. कर्नाटक-केरळातल्या घाटांत सालाच्याच कुळातले धूप आणि होपियासारखे वृक्ष लागतात, आणि त्यांच्याखाली बाहेरच्या जोडीच्या बुरशीही. पर्वतरांग तीच. पण फक्त झाडांच्या या बदलामुळे दक्षिण टोकाची अळंब्यांची यादी उत्तरेला लागू पडत नाही. युरोपात छापलेली रंगीत मार्गदर्शिका घेऊन आंबोलीत फिरणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या पुस्तकांतल्या निम्म्या जाती ओक, बीच आणि बर्चच्या मुळांशी बांधलेल्या असतात. ती झाडं आंबोलीत नाहीत. चित्र कितीही जुळलं तरी नाव चुकलेलं असणार, हे झाडाकडे मान वर करून पाहिलं तरी कळावं.

झाडानंतर ओल. पाऊस किती पडतो यापेक्षा ओल किती दिवस टिकते, हे बुरशीच्या दृष्टीने महत्त्वाचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. तासाभराच्या रस्त्यात सदाहरित रान संपून काटेरी झुडपं लागतात. मात्र महाबळेश्वरचा पाऊसही चार महिन्यांचाच आहे. उरलेले आठ महिने ओल धरून ठेवण्याचं काम रानाला करावं लागतं. दाट छत, पाचोळ्याचा जाड थर, शेवाळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाड, कुजत चाललेली खोडं. अशा खोडाच्या पोटात पाऊस गेल्यावरही बराच काळ पाणी असतं. म्हणून सावलीतल्या रानात नाजूक मायसीना, लालभडक पेल्यासारख्या कुकिना, तपकिरी चकचकीत नरसाळ्याची मायक्रोपोरस यांची रेलचेल असते. छत उघडलं, ऊन थेट लाकडावर आलं की या मंडळींची जागा दुसऱ्या घेतात. शेंदरी रंगाची पिक्नोपोरस उन्हात तापलेल्या उघड्या लाकडावर खुशाल वाढते. शायझोफिलम ही पांढुरकी, पंख्यासारखी बुरशी तर कोरड पडली की खालचे पडदे गुंडाळून घेते आणि पाऊस आला की पुन्हा उघडते. एखाद्या रानात फक्त या दोघीच दिसत असतील, तर तिथे कुऱ्हाड किंवा वणवा येऊन गेला असावा असा अंदाज करायला हरकत नाही.

पडलेल्या खोडाबद्दल आपल्याकडे जी अनास्था आहे तिच्याविषयी मला थोडं कडक बोलायचं आहे. उभं झाड मोजलं जातं, पडलेलं झाड ‘साफ’ केलं जातं. सरपण म्हणून गावकऱ्यांनी मोळी नेली तर त्याची गरज समजू शकते. पर्यटनस्थळांवर नीटनेटकेपणासाठी ओंडके उचलले जातात, ते समजत नाही. लाकडाचा कणखरपणा ज्यामुळे येतो ते लिग्निन पुरेपूर फोडण्याची करामत मुख्यतः पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशींनाच साधली आहे. जाड खोडावरची बुरशी बारीक फांदीवर नसते. ताज्या पडलेल्या लाकडावरची दहा वर्षं कुजलेल्या लाकडावर नसते. आणि आधी कोण येऊन बसलं, यावर नंतर कोण येणार हेही ठरतं. एकाच रानात निरनिराळ्या जाडीची, निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या झाडांची खोडं पडलेली असणं हीच तिथल्या विविधतेची खरी ठेव.

याच खोडांनी भीमाशंकरला अलीकडे प्रसिद्धी मिळवून दिली आहे. भर पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपासच्या काळोखात, तिथलं भिजलेलं लाकूड मंद हिरवट उजळतं. आंबोलीत आणि गोव्यात म्हादईच्या रानातही असं दिसतं. हा उजेड मायसीनासारख्या बुरशींचा. ब्राझीलमधल्या अशाच एका चमकणाऱ्या अळंबीवरचं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिचा प्रकाश तिच्या आतल्या घड्याळाप्रमाणे रात्री वाढतो, आणि संशोधकांनी हिरवे दिवे बसवलेल्या खोट्या अळंब्या रानात ठेवल्या तेव्हा त्यांच्याकडे कीटक जास्त आले. म्हणजे तिथे तरी हा उजेड बीजाणू पसरवणाऱ्यांना दिलेलं आमंत्रण असावं. आपल्याकडे हे आमंत्रण गाड्या भरभरून येणाऱ्या हौशी मंडळींनी स्वीकारलं आहे. चमकणारी काठी उचलून घरी नेणारे महाभाग आहेत. ती दोन दिवसांत सुकते आणि विझते.

आता एक अपवाद, आणि तो मोठा आहे. गोव्यात ज्यांना रोयणीची अळमी म्हणतात त्या टर्मिटोमायसिस अळंब्यांना झाडाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचं रान म्हणजे वारूळ. ओडोंटोटर्मिस वंशाची वाळवी पाचोळा, काटक्या, वाळकं गवत गोळा करते, खाते, आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे जाळीदार पोळे वारुळाच्या पोटात रचते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकूड मऊ करते, आणि वाळवी ते बुरशीसकट खाते. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. माणसाच्या शेतीआधी कितीतरी काळ शेती चालू होती ती इथे. पावसाळ्यात त्या पोळ्यातून मुळासारखा लांब दांडा माती फोडत वर येतो आणि छत्री उघडते. उपटताना दांडा तुटला की शोधणारे हळहळतात, कारण चव त्यातही असते. या अळमीला सदाहरित रान लागत नाही. काजूच्या बागेत, गावकुसाबाहेरच्या माळावर, देवळामागच्या झुडपातही ती येते. तिला लागतं ते न मोडलेलं वारूळ. चिऱ्याच्या खाणीसाठी किंवा बंगल्याच्या प्लॉटसाठी यंत्र फिरलं की झाडं पुन्हा लावता येतील, वारूळ नाही. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि कळ्या उमलण्याआधीच ओरबाडण्याविरुद्ध लोकांना सातत्याने सांगितलं. पण श्रावणात महामार्गाकडेला पानात बांधलेल्या अळमीचा भाव ऐकला की ओरबाडणाऱ्याचाही नाइलाज दिसतो.

पानांच्या आत राहणाऱ्या बुरशींवर या पुस्तकात एकच छोटं प्रकरण आहे, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची संख्या मात्र थक्क करणारी आहे. एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली पनामातल्या एका रानातली दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली, त्यांत ४१८ वेगवेगळ्या रूपांच्या बुरशी निघाल्या. पान गळून ओढ्यात पडलं की तिथे निराळेच गिऱ्हाईक. टेरेन्स इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये इंग्लंडमधल्या ओढ्यात, कुजणाऱ्या पानांवर, चार हातांच्या बीजाणूंच्या बुरशी दाखवून दिल्या. वाहत्या पाण्यात कुठेतरी अडकून राहायला असे हात फार उपयोगी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओढ्यांवर जो फेस साचतो, त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर हे बीजाणू ढिगाने दिसतात. मंगळूर विद्यापीठात के. आर. श्रीधर यांनी पश्चिम घाटातल्या या बुरशींवर मोठं काम केलं आहे. काठावरची झाडं बदलली की पाण्यात पडणारं अन्न बदलतं, एवढं लक्षात ठेवून ओढ्याचं प्रकरण वाचावं.

कांदळवनात तर लाकूड दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडतं. तिथे तग धरणाऱ्या बुरशींचं जग वेगळं, आणि ते पाहायला चिखलात उतरायची तयारी हवी. बी. डी. बोरसे यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि चंद्रलता व शेषगिरी रघुकुमार यांनी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ती दाखवली.

इथवर रान बुरशीला घडवतं असं म्हणत आलो. उलटंही खरं आहे. बेलीझमधल्या एका वर्षावनात रोपांवर बुरशीनाशक फवारून पाहिलं, तर उगवणाऱ्या रोपांच्या जातींची विविधता घटली. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आईझाडाखाली गर्दीने उगवणाऱ्या त्याच जातीच्या पोरांना रोगकारक बुरशी मारत असतात, त्यामुळे दुसऱ्यांना जागा मिळते. रान विविध राहतं ते थोडंफार या मारकुट्या बुरशींच्या कृपेने.

देवरायांना इथे वेगळं प्रकरण का, असं एका मित्राने हस्तलिखित वाचून विचारलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते प्रामुख्याने वृक्षांसाठी. पण देवराईचा नियम नुसता ‘तोडू नये’ असा नसतो. पडलेलंही उचलू नये, असा असतो. बुरशीच्या बाजूने पाहिलं तर हा दुसरा नियम पहिल्याहून मोलाचा. कोडगूमधल्या देवराया, राखीव जंगल आणि सावलीतले कॉफीमळे यांची अळंब्यांच्या दृष्टीने तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिन्हीकडची मंडळी सारखी नव्हती. दोन-चार एकरांचा तुकडा म्हणून देवराईला हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वाघाला दोन एकर पुरत नाहीत, खोडाला पुरतात. आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवराईत फरशी, सभामंडप आणि वाहनतळ होतो आहे. झाडं राखली म्हणून सगळे खूश असतात. पाचोळा झाडून पेटवून दिलेला असतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत श्री. ल. आजरेकर यांच्या नावाचं बुरशींचं हर्बेरियम आहे, आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच. गोवा विद्यापीठातल्या डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातल्या सूक्ष्म बुरशींवर २०१० मध्ये सचित्र ग्रंथ काढला. त्यांच्यासारख्यांच्या श्रमांशिवाय या पुस्तकाला पायाच नसता. तरी एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडच्या नोंदींचा नकाशा हा काही प्रमाणात आपल्या सहलींचा नकाशा आहे. ऑगस्टमध्ये सगळे आंबोली, भीमाशंकर, कोयनेला जातात. यवतमाळच्या कोरड्या रानात किंवा सोलापूरच्या माळावर पावसानंतरच्या चार दिवसांत जाणारे विरळा. त्यामुळे कोरड्या रानांची प्रकरणं इथे बारीक आहेत, यावरून ती रानं गरीब आहेत असं कुणी समजू नये. तिथे गुराखी आणि आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या बायकांना जे ठाऊक आहे ते अजून कुठल्या हर्बेरियमच्या पाकिटात शिरलेलं नाही.

शेवटी, या पुस्तकात कुठल्याही अळंबीपुढे ‘खाण्याजोगी’ अशी खूण नाही. ही खूण घाला, खप वाढेल, असा सल्ला मिळाला होता. तो न मानण्याचं कारणही जागेशीच निगडित आहे. बस्तरची बाई बोडा ओळखते, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला म्हातारा अळमी ओळखतो, ते नुसतं रूप पाहून नाही. अमुक रानात, अमुक वारुळावर, अमुक नक्षत्रात, असं ते ज्ञान असतं. जागा बदलली की ते फसतं. धानाच्या पेंढ्यावर येणारी अळंबी लहानपणापासून खाल्लेले आशियाई लोक अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेले, तिथे ओकच्या झाडाखाली तशीच दिसणारी छत्री त्यांनी घरी नेली, आणि काही दगावले. ती होती अमानिटा फॅलॉइडिस. युरोपातून लावायला आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर तीही त्या मुलखांत पोचली होती. तिचं विष शिजवून जात नाही, आणि पहिला त्रास सुरू व्हायलाच सहा ते बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. चांदीचं नाणं काळं पडतं, किडा लागलेली अळंबी सुरक्षित असते, या आपल्याकडच्या कसोट्यांना काही अर्थ नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या हिरवळीवर पावसाळ्यात येणारी भरदार पांढरी छत्री बहुतेकदा क्लोरोफायलम असते. तिचे पडदे पुढे हिरवट होतात आणि ती खाल्ली तर रात्र दवाखान्यात जाते. फोटो पाठवून ‘ही खाऊ का?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नेहमी एकच असतं. कुठे, कशावर आणि कोणत्या झाडाखाली मिळाली ते कळवा, म्हणजे तिचं नाव सांगायचा प्रयत्न करीन. खाण्याबद्दल विचारू नका.